चिठ्ठीचा कौल

१८९७ च्या जानेवारीअखेर मुंबईतील भायखळ्याच्या तुरुंगात प्लेगने प्रवेश केला, तेव्हा शहरावर त्या रोगाचा अंमल बसून चार महिने होऊन गेले होते. मांडवीतील पहिले रोगी डॉ. आकासियो व्हिएगस यांनी आदल्या सप्टेंबरात ओळखले होते. माणसे बोचकी बांधून कोकणच्या आणि देशाच्या वाटेला लागली होती. आणि ऑक्टोबरात मुंबईस आलेले जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत, मोजक्या माणसांच्या मदतीने, प्लेगचे जंतू मांसरसात वाढवून आणि उष्णतेने मारून त्यांची लस सिद्ध करण्यात रात्रीचा दिवस करीत होते. मांसरसाच्या पृष्ठभागावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या आधाराने जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबू लागे, आणि भांडे हलवले की ती तुटून तळाशी बसे. या पद्धतीने तयार झालेली लस १० जानेवारीस त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ती निरुपद्रवी आहे एवढे त्यामुळे सिद्ध झाले. ती उपयोगी आहे किंवा नाही हा प्रश्न मात्र जागच्या जागीच राहिला, आणि तो सोडविण्याची संधी भायखळ्याच्या तुरुंगाने दिली.

३० जानेवारीस कैद्यांना लसीची कल्पना देऊन, ज्याची इच्छा असेल त्याने पुढे यावे असे सांगण्यात आले, आणि जवळजवळ निम्मे कैदी पुढे आले. त्यानंतरच्या दिवसांत, एकाच भिंतीच्या आत एकच अन्न खाणाऱ्या आणि एकच काम उपसणाऱ्या या माणसांपैकी लस न घेतलेल्या १२ जणांना प्लेग होऊन त्यांतले ६ दगावले, आणि लस घेतलेल्यांपैकी २ जणांना तो झाला, ते दोघेही वाचले. अशा आकड्यांनी कोणाचाही जीव हरखून जावा. परंतु हर्षाचा पहिला भर ओसरल्यावर कोणाही चिकित्सक माणसाच्या मनात दोन शंका उभ्या राहतात, आणि माझ्या मते वैद्यकीय परीक्षणशास्त्राचा पुढला सारा इतिहास म्हणजे या दोन शंकांच्या निरसनाचाच इतिहास आहे.

पहिली शंका निवडीची. जो कैदी सुई टोचून घ्यायला आपण होऊन पुढे येतो, तो मागे राहिलेल्या कैद्यासारखाच असतो काय? तो अधिक धीट असेल, अंगाने अधिक धडधाकट असेल, कदाचित स्वच्छतेच्या बाबतीतही अधिक दक्ष असेल. मग तो वाचला याचे श्रेय लसीला द्यावे की त्याच्या मूळ प्रकृतीला? दुसरी शंका हिशेबाची. ज्या दिवशी लस टोचली त्याच दिवशी ज्यांच्या अंगावर रोग उमटला, त्यांच्या शरीरात तो आधीपासूनच मुरलेला होता, अशा समजुतीने त्यांना गणनेतून वगळण्यात आले होते. हे वगळणे अगदी रास्तही असेल. पण कोणाला आत धरावे आणि कोणाला बाहेर ठेवावे हे निकाल दिसू लागल्यानंतर ठरू लागले, म्हणजे जमाखर्चाची वही कितीही सुवाच्य अक्षरात लिहिलेली असो, तिच्यावरचा इतबार कमी होतोच. कैद्याच्या राजीखुशीला कितपत राजीखुशी म्हणावे, हा तिसरा प्रश्न त्या काळी फारसा कोणाला पडला नाही. त्याचा विचार पुढे येईल.

हाफकिन यांच्या बुद्धीचा मोठेपणा असा, की पहिल्या शंकेचे वजन त्यांनी स्वतःच जाणले होते. पुढल्याच वर्षी, १८९८ च्या फेब्रुवारीत, गायकवाड सरकारच्या मुलखातील बडोद्यानजीकच्या उंधेरा या गावी त्यांनी कोणाच्या उत्साहावर विसंबून न राहता घरटी निम्मी माणसे टोचली, आणि वय, स्त्रीपुरुषभेद व प्रकृती या बाबतींत प्रत्येक घराचे दोन्ही अर्धे शक्य तितके सारखे राहतील अशी तजवीज केली. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला त्यांत लस घेतलेली ७१ माणसे होती, त्यांतील ८ आजारी पडून ३ वारली. न घेतलेली ६४ होती, त्यांतील २७ आजारी पडून २६ वारली. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे खाणाऱ्या माणसांतला हा फरक पाहिल्यावर शंकेखोराचा आवाज पुष्कळच खाली येतो. तरीही घरातला कोणता अर्धा टोचायचा हे अखेर माणसाच्या डोळ्यानेच ठरत होते, आणि माणसाचा डोळा, तो कितीही प्रामाणिक असला तरी, त्याच्या आशेचा ताबेदार असतो.

याच वर्षी कोपनहेगनमध्ये योहानेस फिबिगर या तरुण वैद्याने घटसर्पावरील रक्तलसीची आपली परीक्षा प्रसिद्ध केली. त्याने रुग्णालयात दाखल होण्याचा दिवस प्रमाण धरला: एक दिवस येणाऱ्यांस रक्तलस द्यायची, दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांस नाही. रक्तलस दिलेल्या २३९ पैकी ८ दगावले, न दिलेल्या २४५ पैकी ३०. पाळीपाळीने देण्याचा हा शिरस्ता पुढली चाळीस वर्षे युरोपात उत्तम समजला गेला, आणि त्यात एक छिद्र होते ते फार थोड्यांना दिसले. आज रक्तलसीची पाळी आहे की उद्या, हे दाखल करून घेणाऱ्या वैद्याला ठाऊक असते. मग एखाद्या आईच्या मांडीवर घुसमटणारे मूल पाहून त्याने त्याची नोंद एक दिवस पुढे किंवा मागे ढकलली, तर त्याला दोष तरी कसा द्यावा? दयाबुद्धी हा वैद्याचा धर्म. पण याच दयाबुद्धीमुळे दोन गट हळूहळू एकमेकांपासून वेगळे पडत जातात, आणि शेवटी हाती येतो तो औषधाचा गुण नसून वैद्याच्या कनवाळूपणाचा पडसाद असतो.

यावरचा उपाय रुग्णालयात सापडला नाही. तो शेतात सापडला. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या कृषी-संशोधन केंद्रावर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी असे दाखवून दिले, की कोणत्या वाफ्यात कोणते खत घालायचे हे शेतकऱ्याच्या किंवा संशोधकाच्या मर्जीवर न ठेवता निव्वळ दैवगतीवर सोपविले, तरच मिळालेल्या पिकातील फरक खताचा की जमिनीचा हे गणिताने सांगता येते. हा विचार आपल्याकडेही लवकरच रुजला, आणि त्यात महाराष्ट्रातील माणसांचा वाटा लहान नव्हता. पानसे आणि सुखात्मे यांचा शेतीप्रयोगांच्या संख्याशास्त्रावरील १९५४ सालचा इंग्रजी ग्रंथ कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासला आहे. पण ज्वारीच्या वाफ्याला तक्रार करता येत नाही, आणि रोग्याला ती करता येते. खताच्या बाबतीत ज्याला शास्त्र म्हटले, तेच माणसाच्या बाबतीत करू लागल्यास क्रौर्य ठरणार नाही काय, या विचाराने वैद्य मंडळी दीर्घकाळ अडखळत राहिली.

ती अडखळ दूर केली ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, आणि हे गृहस्थ वैद्य नव्हते ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वैद्य होण्याचीच त्यांची इच्छा होती; पण पहिल्या महायुद्धात लष्करी चाकरीवर असताना त्यांना क्षयाने गाठले, आणि उमेदीची वर्षे अंथरुणावर गेली. पडल्यापडल्या टपालाने अभ्यास करून त्यांनी लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी मिळविली, आणि तेथून ते संख्याशास्त्राकडे वळले. १९३७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी वैद्यांसाठी जी लेखमाला लिहिली, तीत पाळीपाळीच्या पद्धतीचाच पुरस्कार केलेला आहे. यादृच्छिक, म्हणजे निव्वळ दैवगतीने पडलेल्या, अंकांचे नाव काढले तर वैद्य बिचकून पळतील, म्हणून आपण ते मुद्दामच काढले नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. सुधारकाला इतका धीर क्वचितच असतो.

संधी आली ती टंचाईच्या रूपाने. १९४३ साली अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढले, आणि क्षयाच्या जंतूला मारणारे पहिले खरेखुरे औषध जगाच्या हाती आले. युद्धाने खंक झालेल्या ब्रिटनपाशी डॉलर्स नव्हते. सरकारने अमेरिकेहून जेमतेम काही रोग्यांना पुरेल इतका साठा आणला. अशा वेळी व्यवहारात काय होते हे आपणा सर्वांस माहीत आहे: ज्याचा वशिला त्याचे औषध. बिहारातील मोतिहारीस जन्मलेले लेखक जॉर्ज ऑर्वेल हे १९४८ च्या आरंभी स्कॉटलंडमधील एका रुग्णालयात क्षयाने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या प्रभावशाली मित्रांच्या खटपटीने त्यांना अमेरिकेहून हे औषध मिळाले, त्यांच्या प्रकृतीला ते सोसले नाही, आणि १९५० च्या जानेवारीत ते वारले. हिल यांनी या टंचाईतच न्यायाचा आधार शोधला. जे सर्वांना देता येतच नाही, ते कोणाला द्यायचे हे चिठ्ठीने ठरविल्यास कोणावर अन्याय होतो? उलट चिठ्ठी न टाकता ते वाटले, तर त्याचा गुण कधीच न कळता तो साठा संपून जाईल, हाच खरा अन्याय.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४७ च्या जानेवारीत ही परीक्षा सुरू केली. तिचा तपशीलवार बंदोबस्त मार्क डॅनियल्स आणि फिलिप डार्सी हार्ट या दोन वैद्यांकडे होता, आणि त्या बंदोबस्ताचे मर्म एका साध्या लिफाफ्यात होते. हिल यांनी यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून प्रत्येक रुग्णालयासाठी, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी, अशी क्रमवारी लावून दिली. प्रत्येक क्रमांकाची चिठ्ठी मोहोरबंद लिफाफ्यात घातली, आणि लिफाफ्यावर रुग्णालयाचे नाव व क्रमांक यांखेरीज काही लिहिले नाही. तरुण वयाचा, दोन्ही फुप्फुसांत रोग झपाट्याने पसरत असलेला, आणि फुप्फुस दाबून ठेवण्याच्या तत्कालीन उपचाराला अयोग्य ठरलेला असा रोगी तज्ज्ञांच्या मंडळाने आधी पसंत करायचा. तो पसंत झाल्याचे कागदावर चढले की मगच मुख्य कचेरीत त्याच्या क्रमांकाचा लिफाफा फोडायचा. आणि आतल्या चिठ्ठीप्रमाणे त्याला औषध किंवा केवळ विश्रांती मिळायची. देवापुढे कौल लावणाराही इतकी खबरदारी घेत नाही, कारण पाकळी मनासारखी पडली नाही तर तो पुन्हा लावतो. येथे पुन्हा लावण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

एकंदर १०७ रोगी घेतले गेले: ५५ औषधाचे, ५२ विश्रांतीचे. औषध चार महिने, दिवसातून चार वेळा, स्नायूत सुईने दिले जाई. दुसऱ्या गटाला खोटी सुई टोचून समानता साधावी की काय, असा प्रश्न होता. दिवसाकाठी चार याप्रमाणे चार महिने मिठाचे पाणी टोचण्याइतका निर्दयपणा कौन्सिलच्या समितीला मानवला नाही. त्याऐवजी तिने पक्षपाताची दुसरी वाट बंद केली. क्ष-किरणांची छायाचित्रे तीन तज्ज्ञांनी, एकमेकांशी विचारविनिमय न करता, आणि चित्र कोणत्या गटातल्या रोग्याचे हे न कळता तपासली. सहा महिन्यांनी औषधाच्या गटातील ४ जण वारले होते, विश्रांतीच्या गटातील १४; छायाचित्रांवरून लक्षणीय सुधारणा पहिल्या गटात शेकडा ५१, दुसऱ्यात शेकडा ८.

ज्यांच्या वाट्याला विश्रांती आली, त्यांना आपण एका परीक्षेचे घटक आहोत हे सांगण्यातच आले नव्हते. ते चौदा जण, शेजारच्या कुठल्याशा दालनात औषध आहे हे न कळता गेले. ना साठा पुरेसा होता, ना गुणाची खात्री होती, हे सारे समर्थन खरे. तरी भायखळ्याच्या कैद्याला निदान पुढे येण्याचा किंवा न येण्याचा अधिकार होता, तेवढाही या स्वतंत्र ब्रिटिश नागरिकांना नव्हता, ही गोष्ट माझ्या मनाला टोचल्यावाचून राहत नाही. रोग्याला सर्व सांगून त्याची लेखी संमती घेण्याचा दंडक पुष्कळ नंतर आला.

३० ऑक्टोबर १९४८ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा वृत्तान्त छापून आला. त्याचे निकाल गाजले. पण वृत्तान्ताची लेखनपद्धती त्याहून मोलाची आहे. रोगी कसे निवडले, चिठ्ठी कशी ठेवली व कोणी फोडली, चित्रे कोणी पाहिली, कोणाला काय अपाय झाला, हे सारे त्यात इतक्या उघडपणे मांडलेले आहे की शंका काढणाऱ्याला लागणारा मालमसाला लेखकांनीच पुरवावा. भायखळ्याच्या वहीबद्दलची दुसरी शंका येथे पहिल्यांदा पुरती मिटली. असे असूनही पुढली पन्नास वर्षे नियतकालिके अर्धवट हिशेबांनी भरत राहिली, आणि अखेर १९९६ साली 'कन्सॉर्ट' या नावाची निवेदनसंहिता मुकरर करावी लागली: किती जण तपासले, किती जण चिठ्ठीत पडले, किती गळले व का, आणि शेवटी किती मोजले, हे वृत्तान्तात दाखविलेच पाहिजे. पुढे परीक्षा सुरू करण्यापूर्वीच तिची नोंद करण्याचा नियम आला. भारतात तो २००९ पासून सक्तीचा आहे.

स्ट्रेप्टोमायसिनच्या कथेचा उत्तरार्ध विजयाच्या भरात बहुतेक जण सांगायचे विसरतात. बऱ्याच रोग्यांतील जंतू काही आठवड्यांतच औषधाला निर्ढावले, आणि पाच वर्षांनी मोजणी केली तेव्हा औषधाच्या गटातील ५५ पैकी ३२ आणि विश्रांतीच्या गटातील ५२ पैकी ३५ रोगी वारलेले आढळले. हा उतरता हिशेबही परीक्षा घेणाऱ्यांनी तितक्याच निर्विकारपणे छापला. दोन औषधे जोडीने द्यावीत, म्हणजे जंतूला निर्ढावण्यास अवसर मिळत नाही, हे याच पद्धतीच्या पुढल्या परीक्षेने दाखविले. १९५२ साली आयसोनियाझिड हे स्वस्त व पोटातून घेता येणारे औषध आले. आणि मग या कथेचे केंद्र लंडनहून मद्रासला हलले.

त्या काळी क्षय म्हटला की आपल्याकडे हवापालट हा शब्द पाठोपाठ येई. ज्यांना ऐपत होती ते पाचगणीच्या बेल-एअरमध्ये किंवा मिरजेजवळच्या वॉनलेस आरोग्यधामात महिनोन् महिने उताणे पडून राहत. दूध, अंडी, शुद्ध हवा आणि सक्तीची विश्रांती हेच उपचाराचे चार वेद मानले जात. परंतु देशात क्षयाचे रोगी लाखांनी मोजावे लागत, आणि खाटा मात्र हजारांनी. तेव्हा रोग्याला घरीच ठेवून गोळ्या देता येतील काय, हा प्रश्न सरकारच्या दृष्टीने निकडीचा होता, आणि वैद्यांच्या दृष्टीने जवळजवळ पाखंडाचा. त्याचा फैसला करण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून १९५६ साली मद्रासच्या चेटपेट भागात एक केंद्र उघडले, आणि त्याची धुरा वॉलेस फॉक्स या ब्रिटिश वैद्याकडे दिली.

शहरातील गरीब वस्त्यांतून १९३ रोगी घेतले गेले. पुन्हा चिठ्ठ्या, पण या वेळी चिठ्ठीत औषध नव्हते, खाट होती. औषधे दोन्ही गटांना तीच, आयसोनियाझिड आणि पॅस नावाचे क्षयावरील दुसरे औषध, वर्षभर. एकाला आरोग्यधामात परिचारिकांच्या देखरेखीखाली, दुसऱ्याला घरी, त्याच कोंदट खोलीत आणि त्याच अपुऱ्या अन्नावर. घरचा रोगी गोळ्या खरोखर घेतो की नाही, यासाठी केंद्राची माणसे न कळविता दारात उभी राहत, उरलेल्या गोळ्या मोजीत आणि लघवीचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश तपाशीत. हे काम दिसते तितके सोपे नव्हे. दोन महिन्यांत खोकला थांबलेल्या आणि कामावर जाऊ लागलेल्या मजुराला, तू अजून आजारी आहेस, हे पटवून देणे हीच खरी शिकस्त होती, आणि ती केंद्राच्या आरोग्यसेविकांनी घरोघर जाऊन केली.

१९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत निकाल प्रसिद्ध झाला. वर्षअखेर आरोग्यधामातील शेकडा ९२ आणि घरच्या शेकडा ८६ रोग्यांचा रोग शमलेला होता. आरोग्यधामातील रोग्यांना अन्न अधिक मिळाले, विश्रांती अधिक मिळाली, त्यांचे वजनही अधिक वाढले. पण जंतूंना मारण्याच्या कामी या साऱ्याचा प्रभाव अगदी किरकोळ ठरला. चार वेदांपैकी चारही निष्प्रभ झाले, असे म्हणायला हरकत नाही. मात्र एक आक्षेप उरला होता, आणि तो सर्वांत गंभीर होता: घरच्या रोग्याने आपल्या बायकामुलांना क्षय दिला असेल तर? केंद्राने दोन्ही गटांतील रोग्यांच्या कुटुंबीयांवर पाच वर्षे नजर ठेवली, आणि १९६६ साली त्याचाही हिशेब दिला: रोगी घरी राहिल्यामुळे घरच्यांना अधिक क्षय झाल्याचे दिसले नाही. संसर्ग व्हायचा तो बहुतेक उपचार सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेला असे.

तोवर १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम घरच्या उपचाराच्या पायावर उभा राहिला होता. पाच वर्षांपुरते म्हणून काढलेले चेटपेटचे केंद्र बंद झाले नाही; रोज गोळ्या घेण्याचा कंटाळा येणाऱ्या रोग्याला आठवड्यातून दोनदाच, पण समोर उभे राहून औषध दिले तर चालेल काय, या प्रश्नाच्या चिठ्ठ्या तेथे लिफाफ्यांत भरल्या जात होत्या.